साधा ताप, मग दम, मग व्हेंटिलेटर : अक्यूट इंटरस्टिशियल न्यूमोनियाची लक्षणं आणि पुढचा प्रवास

निशिगंध (धागाकर्ती)

गेल्या पावसाळ्यात माझ्या दादाला अक्यूट इंटरस्टिशियल न्यूमोनिया झाला. म्हणजे कारण न सापडता दोन्ही फुफ्फुसं थोड्या दिवसांत निकामी होत जाणारा दुर्मीळ आजार. जुने डॉक्टर याला हॅमन-रिच सिंड्रोम म्हणतात. आयसीयूबाहेर बसून मी मोबाइलवर मराठीत शोधत होते, कुणीतरी आपल्यासारख्या माणसाने लिहिलं असेल या आशेने. सापडलं ते सगळं डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं. दादा वाचला. आता मला लिहायला उसंत आहे, म्हणून जे पाहिलं ते क्रमाने लिहिते. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी, आणि इथे कुणी डॉक्टर-सिस्टर असतील तर त्यांनी भर घालावी ही मनापासून विनंती.

दादा पन्नाशी ओलांडलेला. राहतो भांडुपला, नोकरी लोअर परळला. सिगरेट नाही, दमा नाही, बीपीची एक गोळी सोडली तर कसलं औषध नाही. सुरुवात कणकण, अंगदुखी, घशात खवखव आणि कोरड्या खोकल्याने झाली. मुंबईत जुलैमध्ये हे घरोघरी असतं. फॅमिली डॉक्टरांनी मलेरिया आणि डेंगीची तपासणी करून घेतली, दोन्ही निगेटिव्ह. पॅरासिटामॉल आणि विश्रांती सांगितली. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या दिवशी छाती स्वच्छच होती.

ताप उतरला, खोकला राहिला, आणि खोकल्यामागून दम आला. आधी स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागलं. मग घरचा जिना जड झाला. मग आंघोळ करून आला तो टॉवेल तसाच हातात धरून पलंगावर बसून राहिला. मग फोनवर बोलताना वाक्य पुरं होईना. चार शब्द, श्वास, पुन्हा चार शब्द. वहिनीने कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर कपाटातून काढून बोटाला लावलं तर ८७. हे सगळं एका आठवड्याच्या आतलं.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला तर दोन्ही फुफ्फुसं पांढरी. साध्या मास्कवरून जोराच्या ऑक्सिजनवर, तिथून व्हेंटिलेटरवर, हा प्रवासही असाच भराभर झाला. अँटिबायोटिक चालू होती, तपासण्या एकेक करून निगेटिव्ह येत होत्या आणि प्रकृती ढासळत होती.

मला सगळ्यांना सांगायचंय ते एवढंच की दम किती लागतो एवढंच बघू नका, तो किती वेगाने वाढतोय ते बघा. काल जे जमत होतं ते आज जमत नाही, असं दोन दिवस लागोपाठ झालं तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

कुर्ला स्लो

वाचून पोटात गोळा आला. दादांना उत्तम आरोग्य लाभो. एक प्रश्न आहे. आमच्याकडे पावसाळ्यात घरातलं कुणी ना कुणी तापलेलं असतंच. दरवेळी ही भीती बाळगायची का? साधा व्हायरल आणि हे, यातला फरक घरच्या माणसाला कळतो का?

परळ पूर्व

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण आजार समजावून सांगतो. निशिगंधताईंनी वेगाबद्दल लिहिलंय तो या आजाराचा गाभा आहे, त्यामुळे तिथूनच सुरू करतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लुई हॅमन आणि अर्नोल्ड रिच या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला. १९४४ मध्ये त्यांनी चार रुग्णांचं सविस्तर वर्णन छापलं. चौघंही काही महिन्यांत दगावले होते. फुफ्फुसात इतक्या झपाट्याने जाळं धरताना, म्हणजे फायब्रोसिस होताना, तोवर कुणी नोंदवलेलं नव्हतं. पुढे बरीच वर्षं कुठल्याही फायब्रोसिसला हे नाव चिकटवलं जायचं आणि गोंधळ वाढला. १९८६ मध्ये कॅट्झेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांचे फुफ्फुसाचे तुकडे तपासून हा वेगळा आजार आहे हे दाखवलं आणि त्याला आजचं नाव दिलं. त्या आठातले सात गेले.

आता आत काय होतं ते. आपल्या फुफ्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यातली हवा आणि भोवतालच्या केशवाहिन्यांमधलं रक्त यांच्यात जी भिंत असते ती एक मायक्रॉनहूनही पातळ. या आजारात ती भिंत दोन्ही फुफ्फुसांत, जवळजवळ सगळीकडे, एकाच वेळी जखमी होते. पहिल्या आठवड्यात रक्तातलं पाणी आणि प्रथिनं वायुकोशांत झिरपतात आणि त्यांचा पापुद्रा आतल्या बाजूला बसतो. ऑक्सिजन रक्तात शिरायला वाट राहत नाही. पहिला आठवडा सरता सरता शरीर दुरुस्तीला लागतं, पेशी वाढतात, तंतू विणले जातात. ही दुरुस्ती आटोक्यात राहिली तर फुफ्फुस मोकळं होतं. नाही राहिली तर दोन-तीन आठवड्यांत ते कडक व्हायला लागतं. ताजा लादीपाव दाबला तर परत फुगतो, शिळा फुगत नाही. तसं फुफ्फुस झालं की व्हेंटिलेटरलाही हवा आत ढकलायला जोर करावा लागतो, आणि तो जोर फुफ्फुसाला आणखी इजा करतो.

विशेष म्हणजे हीच जखम एआरडीएसमध्येही, म्हणजे एखाद्या मोठ्या आजारामुळे दोन्ही फुफ्फुसं एकाएकी निकामी होतात तेव्हाही, दिसते. गंभीर कोविडमध्ये गेलेल्यांच्या शवविच्छेदनातही हीच दिसली. फरक कारणाचा आहे. एआरडीएसमागे न्यूमोनिया, सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग), स्वादुपिंडाची सूज, अपघात असं काहीतरी सापडतं. इथे सगळं शोधूनही काही सापडत नाही, म्हणूनच याला कारण न सापडलेला एआरडीएस असंही म्हणता येईल.

कुर्ला स्लो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या तीन-चार दिवसांत फरक घरी कळत नाही, आम्हालाही कळत नाही. पण साध्या व्हायरलमध्ये खोकला रेंगाळला तरी दम वाढत जात नाही. ताप उतरल्यावर माणूस दिवसागणिक थोडा थोडा उभा राहतो. इथे उलटं होतं. त्यामुळे दर तापाला घाबरू नका. आजार अतिशय दुर्मीळ आहे, माझ्यासारख्याच्या आयुष्यातही असे रुग्ण मोजकेच येतात. वाढत्या दमाला मात्र घाबरायलाच हवं, कारण त्यामागे हा आजार नसला तरी दुसरं काहीतरी गंभीर असतंच.

मुलुंडकर मेधा

डॉक्टर, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल खूप आभार. आमच्या सोसायटीत कबुतरांचा भयंकर त्रास आहे. एसीच्या युनिटवर घरटी, खिडकीत विष्ठा. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला तेव्हा फुफ्फुसाच्या आजारांबद्दल बरंच ऐकलं होतं. हा तोच आजार का?

परळ पूर्व

नाही मेधाताई, तो वेगळा. कबुतरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांच्या धुळीतल्या प्रथिनांची काहींच्या फुफ्फुसाला ॲलर्जी होते, त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. तिथे कारण माहीत असतं आणि त्यापासून दूर गेलं की बऱ्याच जणांना उतार पडतो. पण तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तो आजारही कधी कधी अचानक भडकतो आणि सीटी स्कॅनमध्ये दोन्ही सारखे दिसू शकतात. म्हणून दम लागलेल्या माणसाला आम्ही घरात कबुतरं आहेत का, पोपट पाळलाय का, भिंतींना ओल-बुरशी आहे का, असं विचारतो. नातेवाइकांना वाटतं डॉक्टर गप्पा मारतोय. त्या गप्पांतूनच निदान सापडतं.

याच चौकशीत औषधंही येतात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं नायट्रोफ्युरँटॉइन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, कॅन्सरची काही औषधं, यांनीही फुफ्फुसाला अशी इजा होऊ शकते. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, काढे आणि चूर्णंसुद्धा.

आणि आपल्या मुंबईचं पावसाळ्याचं गणित डोक्यात ठेवावंच लागतं. लेप्टोमध्ये फुफ्फुसात रक्तस्राव होतो, फाल्सिपॅरम मलेरियात एआरडीएस होतो, स्वाइन फ्लूमध्येही होतो. तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात का, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टीबी तर सतत डोळ्यांसमोर असतो. एचआयव्ही असेल तर न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया. शिवाय स्नायूंचा आणि त्वचेचा डर्मॅटोमायोसायटिस नावाचा आजार आहे. त्याच्या एका प्रकारात स्नायूंना फारसं काही न होता फुफ्फुस झपाट्याने बिघडतं. त्यासाठी एमडीए-५ नावाची अँटिबॉडी रक्तात बघतात. बोटांच्या पेरांवर किंवा पापण्यांवर लालसर-जांभळट चट्टे असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. हे सगळं बाजूला सारलं की मगच अक्यूट इंटरस्टिशियल न्यूमोनिया म्हणायचं.

गिरणगाव

लिहू की नको असा विचार करत होतो. माझी बायको याच आजाराने गेली. वय पंचेचाळीसच्या आसपास. शिवणकाम करायची, दिवसभर हसतखेळत असायची.

तिलाही असाच खोकला, असाच दम. एक्स-रेवर डाग दिसले म्हणून एका ठिकाणी टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू केली. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण मुंबईत टीबी इतका आहे की आम्हालाही ते पटलं. महिनाभर गोळ्या खा, फरक पडेल असं सांगितलं होतं. तिच्याकडे महिना नव्हताच. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, वजन किती उतरलं? काहीच उतरलं नव्हतं. आजारच पंधरवड्याचा होता, वजन उतरायला वेळ कुठे मिळाला.

ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, फुफ्फुस पाण्याने धुतलं आणि ते पाणी तपासलं. टीबीची जीनएक्सपर्ट तपासणी निगेटिव्ह, बुरशी नाही, जंतू नाही. मग बायोप्सीचा विषय निघाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की तुकडा काढला तर निदान पक्कं होईल, पण आत्ताच्या अवस्थेत ती ते सोसेल याची खात्री नाही. मी आणि माझा मेहुणा रात्रभर कॉरिडॉरमध्ये यावर बोलत होतो. शेवटी नको म्हणालो. स्टिरॉइडचे मोठे डोस दिले. दोन दिवस ऑक्सिजन थोडा सुधारल्यासारखा वाटला, पुन्हा खाली आला.

डॉक्टर, मला एवढंच विचारायचंय. स्टिरॉइड आठवडाभर आधी मिळाली असती तर?

परळ पूर्व

दादा, तुमचं दुःख वाचून थांबलो होतो थोडा वेळ.

प्रामाणिक उत्तर देतो. या आजारात स्टिरॉइडने जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. आजार इतका विरळा आहे की शेकडो रुग्णांचे दोन गट करून तुलना करावी असा अभ्यासच होऊ शकलेला नाही. आम्ही देतो, सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० ते १००० मिलिग्रॅम रोज, तीन दिवस शिरेतून आणि मग हळूहळू कमी करत, कारण हातात दुसरं फारसं काही नाही, आणि ज्या आजारांशी याची गल्लत होते त्यातले काही स्टिरॉइडला चांगला प्रतिसाद देतात. लवकर दिलं तर बरं, असं आमच्यातल्या अनेकांचं मत आहे, माझंही आहे. पण ते मत आहे. स्टिरॉइड वेळेवर मिळूनही गेलेले रुग्ण मी पाहिलेत. त्या एका आठवड्याने निकाल बदलला असता असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

बायोप्सीला नाही म्हणालात तो निर्णय चुकीचा नव्हता. अशा अवस्थेत बहुतेक ठिकाणी बायोप्सी होतच नाही. सीटी, धुऊन काढलेलं पाणी आणि आजाराची चाल यांवरूनच पुढे जावं लागतं.

टीबीबद्दल एक नोंद इतरांसाठी. फुफ्फुसाचा टीबी सहसा आठवड्यांनी-महिन्यांनी वाढतो. संध्याकाळचा ताप, रात्री घाम, भूक मरणं, वजन उतरणं. सगळ्या अंगात पसरलेला टीबी कधीमधी एआरडीएस घडवतो, त्यामुळे तपासायचा जरूर. पण काही दिवसांतच ऑक्सिजन ८५ वर आला असेल तर टीबीच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं बरोबर नाही.

निशिगंध

गिरणगावदादा, तुम्ही लिहिलंत, फार मोठी गोष्ट केलीत. वहिनींना नमस्कार.

तुमचं वाचून एक आठवलं. आम्हाला आयसीयूत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो माझ्या वहिनीच्या वहीचा. तिला किराण्याचा हिशोब लिहायची सवय. त्याच वहीत मागच्या पानांवर तिने तारीखवार लिहिलं होतं, ताप किती, कुठली गोळी, कधीपासून दम, कधी जिना सुटला, कधी जेवताना धाप लागली. छातीच्या डॉक्टरांनी ती वही पंधरा मिनिटं वाचली. आम्हाला विचारलं असतं तर तिघांनी तीन वेगळ्या तारखा सांगितल्या असत्या.

रात्रपाळी

नमस्कार. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. निशिगंधताई, त्या वहीबद्दल वाचून खरंच बरं वाटलं. आम्हाला रोज नातेवाईक भेटतात, पण नीट क्रम सांगणारे फार थोडे.

आतलं थोडं सांगते, कारण दाराबाहेर बसलेल्यांना काहीच दिसत नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते.

डॉक्टर तुम्हाला पीएफ रेशो सांगतील. रक्तातला ऑक्सिजन आणि आम्ही बाहेरून देतोय तो ऑक्सिजन यांचा तो भागाकार. धडधाकट माणसाचा चारशेच्या वर असतो. तीनशेच्या खाली गेला की काळजी, दोनशेच्या खाली मध्यम, शंभर किंवा त्याखाली म्हणजे अतिगंभीर. मॉनिटरवर ९४ दिसतंय म्हणून खूश होऊ नका, ते ९४ किती ऑक्सिजन देऊन आलंय ते विचारा.

व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलं, असं कृपया समजू नका. यात मशीन फुफ्फुस बरं करत नाही, वेळ मिळवून देतं. आणि ते हळू हाताने चालवावं लागतं. एका श्वासात किती हवा द्यायची ते माणसाच्या उंचीवरून ठरतं, दर किलोमागे साधारण ६ मिलिलिटर. किलो म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे, त्या उंचीला असायला हवं ते वजन. म्हणून पेशंट आला की आम्ही आधी टेप घेऊन उंची मोजतो. २००० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हे सिद्ध झालं. एआरडीएसच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं, फक्त हवा कमी दिल्याने.

दुसरं, पालथं झोपवणं. कोविडमध्ये सगळ्यांनी पाहिलंय. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो, माणूस उताणा झोपला की तोच दबतो. नळ्या, वायरी, सलाइन सांभाळत पाच-सहा जण मिळून पेशंटला वळवतो आणि सोळा-सोळा तास तसं ठेवतो. चेहरा सुजतो, ओठ जाड होतात. पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाने माझ्यासमोर भिंतीला डोकं टेकून रडलेलं आठवतंय. ती सूज उतरते. आधी सांगितलं असतं तर त्याला इतकं लागलं नसतं, म्हणून इथे सांगतेय.

आणि आत सोडलं की पेशंटशी बोला. भूल असली तरी बोला. कोण आलंय, आज वार कोणता, घरी काय चाललंय. शुद्धीवर येताना भ्रम होतात, भलभलतं दिसतं, नळ्या उपटायला बघतात. ओळखीचा आवाज आणि डोळ्यांना चष्मा, कानाला मशीन, एवढ्यानेही फरक पडतो. चष्मा घरी ठेवून येऊ नका.

अण्णा बोरिवली

माझा सल्ला पटला नाही तर सोडून द्या. आमच्या घरी खोकला-दम असला की आधी निलगिरीची वाफ, अडुळशाचा काढा आणि सकाळी अनुलोम-विलोम. कोविडमध्ये आम्ही यावरच तरलो. लगेच हॉस्पिटल गाठलं की ते मशीनला लावतात, असंही ऐकतो.

रात्रपाळी

अण्णा, राग नाही. काढा माझी आईही देते आणि साध्या खोकल्यात घशाला आराम पडतो. पण या आजारात कफ मुळातच नसतो, खोकला कोरडा असतो, अडथळा नळीत नसून वायुकोशाच्या भिंतीत असतो. वाफ तिथे पोचत नाही. ऑक्सिजन कमी असताना श्वास रोखायचे व्यायाम तर अजिबात नको. आणि हॉस्पिटलात गेल्यामुळे मशीन लागतं असं नाही हो अण्णा. उशिरा आलेल्यांना ते आल्या आल्या लावावं लागतं, म्हणून तसं दिसतं.

परळ पूर्व

सिस्टरांना दुजोरा. घरी काय बघायचं तेवढं लिहितो. ऑक्सिमीटर असेल तर आधी बसून आकडा घ्या, मग घरातल्या घरात सहा मिनिटं चाला आणि पुन्हा घ्या. बसून ९४ च्या खाली असेल, किंवा चालल्यावर तीन-चारने पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. बसूनच ९० च्या खाली असेल तर चालायची तपासणी करत बसू नका, १०८ ला फोन लावा. नेलपॉलिश काढा, हात थंड असतील तर चोळून गरम करा. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं. आकडा बरा आहे पण माणूस मिनिटाला तीसेक श्वास घेतोय, मानेचे स्नायू ओढले जातायत, तर माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नको.

कुर्ला स्लो

खर्चाबद्दल कुणी लिहील का? आयसीयूचे इतके दिवस म्हणजे मध्यमवर्गीय घर बसतं.

गिरणगाव

मी लिहितो, मला यातलं सगळं करावं लागलं.

महापालिकेच्या केईएम, सायन, नायर आणि सरकारी जे. जे. मध्ये छातीचे स्वतंत्र विभाग आहेत आणि खर्च खासगीच्या मानाने फारच कमी. आयसीयूत बेड मिळणं हीच खरी अडचण. अँब्युलन्स निघायच्या आधी फोन करून व्हेंटिलेटरचा बेड आहे का ते विचारा. पोचल्यावर तिथून दुसरीकडे हलवण्यात जे तास जातात ते फार महाग पडतात.

खासगी ट्रस्टच्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात द्या. बिल झाल्यावर गेलात तर फिरवाफिरवी होते, आम्ही ती सोसली आहे. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, हॉस्पिटलातच बसतो, त्यालाही लगेच भेटा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक न्यास यांच्याकडूनही वैद्यकीय मदत मिळते. अर्जाला डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. ते आधी मागून ठेवा, कारण डॉक्टर राउंडला असले की सही राहते.

एक्मो नावाचं मशीनही सुचवतील. ते रक्त बाहेर काढून त्यात ऑक्सिजन घालतं. ते मोजक्या ठिकाणी आहे आणि खर्च प्रचंड. आम्हाला विचारलं होतं, झेपणारं नव्हतं.

मुलुंडकर मेधा

निशिगंध, दादा आता कसे आहेत? बरं झाल्यानंतरचं कुणी सांगत नाही.

निशिगंध

मेधाताई, बरं झालं विचारलंत. डिस्चार्ज मिळाला तेव्हा आम्हाला वाटलं जिंकलो. घरी आल्यावर कळलं की दादाला चमचासुद्धा नीट धरता येत नव्हता. मांड्या पार वितळल्या होत्या. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती, तिची खूण भरायला वेळ लागला, आवाज घोगरा झाला. रात्री दचकून उठायचा, आयसीयूतला बीप-बीप आवाज ऐकू येतो म्हणायचा. माझा शांत भाऊ मुलांवर ओरडायला लागला होता, आणि मग स्वतःच रडायचा.

फिजिओथेरपिस्ट घरी यायच्या. आधी पलंगाच्या कडेला बसणं, मग दारापर्यंत, मग गॅलरीपर्यंत. सुरुवातीला घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता, आता फक्त चालताना लागतो. सीटीमध्ये खालच्या भागात थोडं जाळं राहिलंय. ऑफिसने घरून काम दिलंय. जिना चढतो, पण मध्ये थांबून. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला तो आधी तयार नव्हता, आता स्वतः तारीख लक्षात ठेवतो.

परळ पूर्व

हे लिहिलंत ते फार मोलाचं. एआरडीएसमधून वाचलेल्यांचा पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा केलेले अभ्यास आहेत. फुफ्फुसाची क्षमता वर्षभरात बऱ्यापैकी सावरते, पण स्नायूंची कमजोरी आणि मनावरचा ताण त्यापेक्षा जास्त काळ रेंगाळतो. दादांच्या बाबतीत हेच चाललंय.

या आजारात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात, बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत. जे तो टप्पा पार करतात त्यातले काही पूर्ण बरे होतात, काहींना कायमचं फायब्रोसिस राहतं, आणि क्वचित कुणाला तो पुन्हा उलटतो. म्हणून दर काही महिन्यांनी फुंकर मारायची पीएफटी (फुफ्फुसाच्या क्षमतेची तपासणी), त्यासोबत डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो त्याची तपासणी) आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी चुकवू नका. सांधे सुजणं, थंडीत बोटं पांढरी पडणं, पुरळ, असं काही दिसलं तर लगेच सांगा. संधिवातासारखा आजार फुफ्फुसानंतर काही महिन्यांनी उघडा पडल्याची उदाहरणं आहेत आणि मग उपचार बदलतात. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकोकलची डॉक्टर सांगतील तशी.

निशिगंध

डॉक्टर, शेवटचा एक प्रश्न. गणपतीला गावी जायचा दादाचा हट्ट आहे, चिपळूणजवळ. गेल्या वर्षी गणपती आयसीयूत गेले. न्यावं का?

परळ पूर्व

त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच, पण मला त्यात अशक्य काही दिसत नाही. खच्चून भरलेल्या गाडीने नको, आरक्षण असेल तर ठीक, आणि प्रवासात मास्क. बसून ऑक्सिजन ९२ च्या वर राहतोय का ते निघण्याआधी चार दिवस बघा. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो आणि पावसात गावाकडे लाइट जाते, त्यामुळे भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि जादा नळी गाडीतूनच न्या. धूप, उदबत्ती आणि चुलीचा धूर असेल त्या खोलीत त्यांना बसवू नका. आणि चिपळूणमधल्या छातीच्या डॉक्टरांचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

निशिगंध

घेतला. सिलिंडरचंही बोलून ठेवते. वहिनी म्हणतेय वही बरोबर नेणार.